रिकाम्या तळहाताची पूजा

विश्वनाथअप्पांना सत्काराची हौस आहे, असं घाटनांदुरात सगळेच म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर सगळे त्यांना 'वीरपिता' म्हणायचे. पण अप्पा धुतलेला सदरा घालून, काखेत पिशवी धरून एसटी स्टँडकडे निघाले की चहाच्या गाड्यावरचा कुणीतरी हळूच विचारायचा, "आज कोन्या गावची शाल हाय बे?" आणि बाकीचे आपापल्या कपात बघून हसायचे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन तर सोडाच. शाळेचं गॅदरिंग असो, गणेश मंडळाचं बक्षीस वितरण असो, पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन असो, बोलावणं आलं की अप्पा गेलेच. एकदा एका क्रिकेटच्या सामन्यात त्यांना नाणेफेकीला उभं केलं होतं. भर उन्हात उभे राहिले, नारळ घेतला आणि परत आले.

मी त्यांची भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायला माझी इथं बदली झाली, तेव्हा बाजारपेठेतल्या त्यांच्या किराणा दुकानामागची खोली मी घेतली. खोलीची खिडकी त्यांच्या अंगणात उघडायची, त्यामुळे त्या घरातलं बरंवाईट माझ्या कानावर आपोआप यायचं. त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत. घरात माणसं दोनच, अप्पा आणि त्यांच्या बायको शिवकांताअक्का. दुकानात अप्पांच्या बैठकीच्या वर एका तरुणाचा फोटो होता, फिकट निळी टोपी घातलेला. तो मन्मथ, त्यांचा एकुलता एक मुलगा. फौजेत होता. आपल्या सैन्याची एक तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेला गेली, तिच्यासोबत गेला, आणि जिवंत परत आला नाही. मी गावात आले तेव्हा या गोष्टीला फार दिवस झाले नव्हते.

दुकानदार म्हणून अप्पा वेगळेच होते. माल तोलताना एक शब्द बोलायचे नाहीत. तोलून झाला की पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाच्या घरची सगळी चौकशी करायचे, अगदी सुनेच्या माहेरापर्यंत. आणि एखादी वस्तू संपली असली तरी 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. साखर मागितली आणि पोतं रिकामं असलं, तर म्हणायचे, "येऊलालीय." म्हणजे येतेच आहे. तूरडाळ येऊलालीय, काडेपेट्या येऊलाल्यात. एकदा मी वैतागून म्हणाले, "अप्पा, नसेल तर नाही म्हणा की सरळ. मी दुसरीकडून आणते." तर माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. म्हणाले, "दुकानात बसून न्हाई म्हनावं का मॅडम? लक्ष्मी ऐकती."

या घरातल्या माझ्या पहिल्या सकाळी खिडकीतून जे दिसलं, ते मात्र मला उमगलं नाही. अप्पा अंगणात पाटावर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे. डावा तळहात पुढं धरलेला, आणि उजव्या हातानं त्यावर तांब्यातलं पाणी सावकाश सोडत होते. मग त्या तळहाताला भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले. मी आधी लातूरला एका लिंगायत घरीच राहत होते, म्हणून इष्टलिंगाची पूजा मला माहीत होती. दीक्षेच्या वेळी गुरू गळ्यात लिंग बांधतात. पुरुष असो की बाई, ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच अन्नाला हात लावायचा. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून पुरतात, आणि तेच लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण अप्पांच्या तळहातावर लिंगच नव्हतं. पाणी नुसत्या हातावरून गळून पाटावर पडत होतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात अक्का पिठाचे हात घेऊन रागानं बघत उभ्या होत्या.

"बघा मॅडम, बघा," त्या मला खिडकीत पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "रिकाम्या हाताला आंघोळ घालाय लागलेत. हाय का न्हाई शानपन!"

अप्पांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

पुढं ओळख वाढल्यावर अक्कांनीच मला सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या आणि थापता थापताच बोलत होत्या.

"मन्मथची पेटी आली. पेटी उघडू दिली न्हाई. पान्यात हुता म्हने लई येळ. संगट मिलिटरीचा सायब आलता. ह्यांनी त्याला येकच इचारलं, गळ्यात हाय न्हवं त्याच्या? त्याला काय कळंना. मग स्वामींनी हिंदीत समजावलं. तर सायब म्हनला, नहीं बाबूजी, गले में कुछ नहीं था. चांगला मानूस. खोटं बोलला आसता तर बरं झालं आसतं, आसं मला आज वाटतंय."

रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, त्या दिवशी लांबट खड्डा खणावा लागला होता. पेटीतल्या मन्मथला बसवणार कसं? तीही एक रुखरुख होतीच. बंदुकांची सलामी झाली, झेंड्याची घडी करून अप्पांच्या हातात दिली. माती लोटायची वेळ आली तेव्हा अप्पांनी सदऱ्यात हात घातला, स्वतःच्या गळ्यातलं लिंग काढलं आणि वाकून पेटीवर ठेवलं, छातीच्या जागी. स्वामी, म्हणजे त्यांचे गुरुजी, दचकले. "अप्पा, तुमचं काय मग?"

"माझं त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "त्याचं आलं की मी घालतो."

त्यानंतर स्वामी दोनदा नवं लिंग घेऊन घरी आले. समजावलं, रागावले, शास्त्र सांगितलं. अप्पांनी त्यांचे पाय धरले, दूध दिलं आणि दारापर्यंत पोचवलं. नवं घेतलं नाही. एकदा मन्मथचं लिंग हातात आलं की तेच आपल्या अंगावर, आणि मेल्यावर तेच आपल्या हातावर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बापाचं पोराकडं, पोराचं बापाकडं. त्यात त्यांना काही अशक्य वाटत नव्हतं. सरकारनं एवढं मोठं पोरगं आणून दिलं, मग ही मुठीत मावणारी वस्तू आणणं किती अवघड?

मग मला सत्काराच्या हौसेचा अर्थ लागला. जिथं सत्कार तिथं स्टेज, जिथं स्टेज तिथं कुणीतरी साहेब. साहेबाच्या बंगल्यावर आपल्याला कुणी उभं करत नाही, पण स्टेजवर तोच साहेब हात जोडून आपल्या शेजारी बसतो. अप्पांनी हे बरोबर हेरलं होतं. शाल ते येता येता स्टँडवर कुणाच्या तरी अंगावर टाकायचे. नारळ मात्र घरी यायचे, आणि सत्काराचा नारळ विकायचा नाही म्हणून अक्का आम्हा सगळ्यांना खोबऱ्याची चटणी खाऊ घालायच्या. इतकी चटणी मी जन्मात खाल्ली नव्हती.

नांदूरघाट नावाच्या दुसऱ्या एका गावी कार्यक्रमाला मी त्यांच्यासोबत होते. मला वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पोरांची भाषणं झाली, शाल झाली, आणि निवेदकानं म्हटलं, "वीरपिता दोन शब्द बोलतील." अप्पांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"सायब, मन्मथला आनून दिलं, लई उपकार झाले. येवढंच मागनं हाय. त्याचं इष्टलिंग तिकडं राहिलंय. काळं आसतंय, सुपारीपरीस थोरलं, पांढऱ्या दोऱ्यात. तेवढं बघा. दुसरं मला काय नको. कमान नको, पुतळा नको."

मागच्या रांगेत कॉलेजची पोरं खुसखुसली. प्रमुख पाहुणे शेजाऱ्याच्या कानाशी लागले. मी जवळच बसले होते, मला ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "लॉकेट म्हणतोय का हा?" मग उठून त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, की हुतात्म्याचं लॉकेट परत मिळवण्यासाठी आपण स्वतः पाठपुरावा करू. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला त्या माणसाचा इतका राग आला की परीक्षकाचं भाषण करताना मी त्यांचं नावच घ्यायचं विसरले. अप्पा मात्र एसटीत खिडकीशी बसून लहान पोरासारखे हसत होते. "बोलले की मॅडम सायब. समद्यांच्या म्होरं बोलले. आता येतंय."

असे 'पाठपुरावे' मी किती ऐकले, त्याला गणती नाही.

मन्मथच्या वाट्याला आलेला मानही असाच वेडावाकडा होता. त्याच्या पहिल्या पुण्यतिथीला गावातल्या पोरांनी चौकात मोठं फ्लेक्स लावलं. अक्का बघायला गेल्या आणि तशाच मागं फिरल्या. शांतिसेनेची टोपी निळी असते. फ्लेक्स बनवणाऱ्याला वाटलं फोटो बिघडलाय, म्हणून त्यानं ती हिरवी करून टाकली होती. "मिलिटरीची टोपी हिरवीच आसती, अक्का," तो त्यांनाच समजावत होता.

आणि ग्रामपंचायतीसमोर हुतात्म्यांच्या नावाचा दगड बसवायचा ठरला तेव्हा एका सदस्यानं भर बैठकीत काढलं, की मन्मथचं नाव त्यावर कसं घालायचं? तो आपल्या सीमेवर गेला नाही. परक्याच्या मुलखात, परक्यांच्या भांडणात गेला, आणि गोळी लागून नव्हे, पाण्यात बुडून. अप्पा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "नगा लिवू. नाव मी कवा मागितलं?" पण बायकांच्या बाजूनं अक्का उठल्या. त्यांना सभेत बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"माझं पोरगं तिकडं काय पवायला गेलतं का रे?" त्या म्हणाल्या. "का यात्रंला गेलतं? धाडलं तवा गेलं न्हवं? कुनी धाडलं त्याला? मी धाडलं का?"

सदस्य खाली बघून नखं कुरतडायला लागला. नाव दगडावर आलं.

यापेक्षा वाईट प्रसंग पुढं आला. अप्पांचं मागणं इतक्या स्टेजांवर ऐकून तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या मनात दया उपजली. त्यानं घाटनांदुरातच मोठा कार्यक्रम ठेवला. मंडप, ढोल, मोबाइल वर धरलेली पोरं. अप्पांना सांगितलं होतं की तुमची इच्छा आज पूर्ण होणार. त्या सकाळी अप्पांनी दुकान उघडलं नाही. दाढी करून घेतली. अक्कांना म्हणाले, "नवं लुगडं नेस. आलंय ते." अक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि लुगडं बदललं.

स्टेजवर पुढाऱ्यानं मखमलीची डबी उघडली. आत चांदीच्या करंड्यात लिंग होतं, नवं, चकाकणारं. अप्पांनी ते उचललं. बोटांनी चाचपलं. उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"हे कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, अप्पा," पुढारी म्हणाला आणि फोटोसाठी हसला.

"माझं माझ्या पोराजवळ हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी डबी नीट मिटली, दोन्ही हातांनी पुढाऱ्याच्या हातात ठेवली आणि नमस्कार केला. फोटोवाला म्हणाला, "अप्पा, पुन्हा एकदा घ्या ना, नीट आला नाही." अप्पा जिना उतरून चालायला लागले होते. गावात पुढं कितीतरी दिवस चर्चा झाली, की म्हाताऱ्याला मस्ती आली, चांदीसुद्धा लाथाडतो.

त्याच हिवाळ्यात सुदाम आला. सुदाम चकलांब्याचा, मन्मथच्याच तुकडीतला जवान. सुटीवर आला होता. अंगणात बाजेवर बसला, अक्कांनी दिलेला चहा हातात तसाच गार होऊ दिला. अप्पा समोर उकिडवे बसून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"तिकडं मोठी नदी हाय, अप्पा," तो म्हणाला. "पूर आलता. एका वस्तीतली बायामानसं बोटीतनं काढत हुतो. मन्मथ म्होरल्या बोटीत हुता. बोट कलंडली. त्यानं एका बाईला वर ढकललं, तेवढं मी बघितलं. अंगावर गोळ्या अडवायचं जड जाकीट, पायात बूट. त्याला पवता येत नव्हतं, तुमाला तर ठावं हाय. मग घावला तवा लई खाली घावला. गळ्यातला दोरा तुटला आसंल वढीत. लिंग नदीतच राहिलं, अप्पा. ते आता..."

त्यानं गार चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता हा म्हातारा कोसळणार. एवढी वर्षं ज्याच्यासाठी दारोदार फिरला ते पाण्याच्या तळाशी गेलं, हे आज त्याला कळलं. पण अप्पांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी उजळलं.

"म्हंजे नदीत हाय," ते म्हणाले. "चोरीला गेलं न्हाई. कुनी नेलं न्हाई."

"न्हाई, पर अप्पा..."

"मग उन्हाळ्यात घावंल की. पानी आटलं की उघडं पडंल. काळं हाय, वाळूत दिसंल."

सुदामनं माझ्याकडं पाहिलं. मी अक्कांकडं पाहिलं. अक्का कपबशा उचलून आत गेल्या.

या माणसाला हसू नये. या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं नदी पाहिलेली असते ती अशीच: पावसाळ्यात चार दिवस लाल पाणी, आणि चैत्र लागला की वाळू. पोरं त्या वाळूत क्रिकेट खेळतात, बाया झरे उकरून कळशा भरतात. नदी म्हणजे आटणारी गोष्ट, हे अप्पांना सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. सूर्य तिकडंही उगवत असणारच.

दोन दिवसांनी ते शाळेत आले. मधली सुटी होती. वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा होता. म्हणाले, "ती नदी दावा, मॅडम." मी दाखवली. निळी रेघ खालून वर, वाळवंट कापत समुद्रापर्यंत गेलेली. अप्पांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बोट वर वर सरकवत नेलं, जिथं संपते तिथपर्यंत.

"अप्पा," मी म्हणाले, "ही नदी आटत नाही. फार मोठी आहे. तिला बारा महिने पाणी असतं."

"तुमी बघितली का?"

"नाही. पण पुस्तकात आहे."

"गंगा मोठी न्हाई का?" ते म्हणाले. आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात. "सुदामच्या गावाला सत्काराला गेलतो, तवा पोरांनी म्होरं गंगेवर नेलं मला. वाळूच वाळू. वाळू भरायला टिपर उभे. गंगा आटली, मग ही कावून आटनार न्हाई?"

मी शिक्षिका आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं असं म्हटलं असतं तर मी समजावलं असतं. मी नकाशाची काठी टेबलावर ठेवली. ते बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले, मग घंटा झाली आणि ते गेले.

त्यानंतर अप्पांचं मागणं बदललं. आता ते स्टेजवर म्हणायचे, "सायब, उन्हाळ्यात तिकडच्या आपल्या मानसाला येवढं सांगा, पानी उतरलं की काठाला बघायला." आता कुणी हसतही नव्हतं. नव्या अधिकाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बोलावणी कमी होत गेली. ताज्या हुतात्म्यांची घरं होती, तरुण विधवा होत्या, त्यांच्याकडं बघून सभा रडायची. अप्पांकडं बघून सभेला घड्याळ आठवायचं. तरी ते जायचे. न बोलावता जायचे, मंडपाच्या कडेला उभे राहायचे आणि कार्यक्रम संपताना साहेबाच्या गाडीच्या दारापाशी पोचायचे. एकदा एका अंगरक्षकानं त्यांना ढकललं. घरी आले तेव्हा कोपर फुटलं होतं. अक्का हळद लावत होत्या आणि शिव्या देत होत्या, कुणाला ते कळत नव्हतं.

"नवं घ्या हो," त्या शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मी पाया पडते तुमच्या. हात रिकामा घेऊन जाताव का देवाकडं?"

"रिकामा कावून जाईन? येऊलालंय," अप्पा म्हणाले.

मग त्यांचं हृदय थकलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डाव्या हाताला सलाईन, त्यामुळे पूजा नाही. पूजा नाही म्हणून अन्न नाही. डॉक्टर चिडले, नर्स चिडल्या. अप्पा तोंड घट्ट मिटून पडलेले. मी भेटायला गेले तेव्हा अक्का खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी आपला डावा हात पसरून अप्पांच्या पुढ्यात धरला.

"माझ्यावर घाला पानी," त्या म्हणाल्या. "माझा बी हातच हाय."

अप्पांनी त्या हाताकडं पाहिलं. मग उजव्या हातानं पेल्यातलं पाणी बायकोच्या रिकाम्या तळहातावर सोडलं. चादर भिजली. नर्स ओरडत आली, आणि काय वाटलं कोण जाणे, दारातच थांबली. त्यानंतर अप्पांनी दोन घास भात खाल्ला.

घरी आणलं तो वैशाख होता. गावात टँकर चालू झाले होते. अप्पा अंगणात बाजेवर पडून असायचे. मी शाळेतून आले की एकच विचारायचे, "मॅडम, तिकडं बी आत्ता उन्हाळाच आसंल न्हवं?" तिकडं एव्हाना पाऊस सुरू झाला असेल, हे मला ठाऊक होतं. मी "असेल" म्हणायची. "मग आता दिसाय लागंल," ते म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी आशा असायची, ती मला बघवायची नाही. निराशा परवडली, असं वाटायचं. शेवटच्या दुपारी त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी डावा हात चादरीतून बाहेर काढला, तळहात वर करून छातीवर ठेवला आणि तसाच ठेवला. संध्याकाळी दिवेलागणीला गेले.

दुसऱ्या दिवशी रुद्रभूमीत, मन्मथच्या शेजारी, खड्डा तयार होता. अप्पांना बसवलं. कपाळाला भस्म, गळ्यात बेलाची माळ. त्या दिवशी ना झेंडा होता ना साहेब. आजूबाजूच्या दुकानातली माणसं आणि भावकी, एवढीच. स्वामींनी नवं लिंग आणलं होतं. या वेळी नाही म्हणणारं कुणी नव्हतं. ते घेऊन स्वामी खड्ड्यात वाकले.

"थांबा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी पदराआड हात घातला, मान वाकवली आणि गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. लहानपणी बांधलेलं त्यांचं स्वतःचं लिंग. पदराच्या आतल्या घामानं दोरा काळा पडलेला.

"हे ठिवा. नवं मला बांधा."

"अक्का, आसं करत्यात का?" स्वामी म्हणाले.

"ह्यांनी केलं तवा तुमी हितंच हुताव न्हवं?" अक्का म्हणाल्या. "नवं त्यांनी जित्तेपनी घेतलं न्हाई. आता कावून देताव? घरातल्या मानसाचं पाहिजे त्यास्नी."

स्वामींनी ते घेतलं आणि अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत, तर त्यांनीच एकेक मिटवली. मग मीठ पडलं, बेल पडला, माती पडली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

माणसं निघून गेली. अक्का लिंबाखाली बसून राहिल्या, म्हणून मीही बसले. नव्या लिंगाचा पांढराशुभ्र दोरा त्यांच्या मानेवर दिसत होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ती नदी आटत न्हाई."

त्यांनी मानेवरचा नवा दोरा पदराखाली सारला.

"मला आदीपासनं ठावं हाय. मन्मथ तिकडं पोचला तवा फोनवर दावली हुती त्यानं मला. आई बघ, म्हनला, हितं उन्हाळ्यात बी काठोकाठ पानी. हितली लोकं म्हनत्यात ही कदीच आटत न्हाई. आपल्या गावाकडनं वळवता आली आसती तर, म्हनला. लई खूश हुता. हे तवा दुकानात हुते. मी ह्यांना सांगितलंच न्हाई. पोराला पवता येत नव्हतं, येवढं पानी हाय म्हनल्यावर ह्यांना झोप लागली नसती."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि ओल्या मातीकडं पाहत राहिल्या.

"तवा सांगितलं न्हाई. आन् नंतर कसं सांगायचं, तुमीच सांगा."